कुत्र्याचा आनुवंशिक आजार ब्रीडरला कळवून काय उपयोग होतो?

कुत्र्याला पाचव्या वर्षी आनुवंशिक आजार निघाला, तर पिल्लू ज्याच्याकडून घेतले त्या ब्रीडरला कळवून काय साधणार, असे आपण विचारले आहे. आपल्या कुत्र्याला त्याचा फारसा लाभ कदाचित होणार नाही. परंतु त्याच्या भावंडांना आणि पुढच्या पिढ्यांना होतो. मी अमेरिकेत राहते आणि बसेंजी पाळते, म्हणून याच जातीचे उदाहरण देते.

मूळच्या मध्य आफ्रिकेतल्या या शिकारी जातीत फॅन्कोनी सिंड्रोम हा मूत्रपिंडाचा आजार आढळतो. मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिका साखर, अमिनो आम्ले, बायकार्बोनेट, फॉस्फेट परत शोषून घेऊ शकत नाहीत आणि शरीराला हवी असलेली ही द्रव्ये लघवीवाटे निघून जातात. कुत्रा सतत पाणी पितो, वारंवार लघवी करतो आणि हळूहळू वाळत जातो. लघवीत साखर दिसल्यामुळे मधुमेहाचा समज सहज होतो; पण रक्तातली साखर वाढलेली नसते, आणि अशा कुत्र्याला इन्सुलिन दिले तर ते जिवावर बेतू शकते.

खरी अडचण वयाची आहे. हा आजार बहुधा चार ते आठ वर्षांच्या दरम्यान दिसू लागतो आणि तोवर त्या नराची किंवा मादीची पिल्ले जन्मून दूरदूरच्या घरी गेलेली असतात. ब्रीडरकडे वंशावळ असते, पण पिल्लू त्याच्याकडे जेमतेम दोन-तीन महिने राहते. मालकाला कुत्र्याचे सारे आयुष्य दिसते, पण त्याची भावंडे कुठे आहेत हे ठाऊक नसते. ही दोन्ही माहिती एकत्र आल्याशिवाय आजार कोणत्या घराण्यातून उतरतो आहे, हे कुणालाच समजत नाही.

म्हणून बसेंजी पाळणाऱ्यांत एक साधी शिस्त रुजली. कुत्रा तीन वर्षांचा झाला की औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ग्लुकोजच्या पट्टीने दर महिन्याला त्याची लघवी तपासायची, पट्टीचा रंग बदलला तर पशुवैद्याकडे जायचे आणि निदान पक्के झाले की ब्रीडरला कळवायचे. सोडियम बायकार्बोनेट, क्षार आणि जीवनसत्त्वे वेळेवर सुरू झाली, तर अनेक कुत्री पुढे कित्येक वर्षे चांगली जगतात.

मालक आणि ब्रीडर यांनी दिलेल्या नमुन्यांच्या आणि वंशावळींच्या आधारावरच मिसूरी विद्यापीठात डॉ. गॅरी जॉन्सन यांच्या प्रयोगशाळेला संशोधन करता आले. 2007 मध्ये जनुकाशेजारच्या खुणेवरून अंदाज देणारी चाचणी आली आणि 2011 मध्ये प्रत्यक्ष दोष दाखवणारी. अशा कामाला आजारी कुत्र्यांइतकेच म्हातारपणापर्यंत निरोगी राहिलेल्या कुत्र्यांचे नमुनेही लागतात. आपला कुत्रा ठणठणीत आहे म्हणून गप्प बसणारे मालक ही गोष्ट विसरतात, याची मला नेहमी खंत वाटते.

हा दोष अप्रभावी जनुकाचा आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच पिल्लू आजारी पडते. त्यामुळे वाहक कुत्र्याची, म्हणजे एकाच बाजूने दोष आलेल्या पण स्वतः आजारी न पडणाऱ्या कुत्र्याची, जोडी दोषमुक्त कुत्र्याशी लावली, तर एकही पिल्लू या आजाराला बळी पडत नाही. सगळे वाहक एकदम बाजूला काढण्याची घाई करू नये, हे बसेंजीच्या इतिहासावरूनच पटते. 1970 च्या दशकात याच जातीत तांबड्या पेशी नष्ट करणारा एक आनुवंशिक ॲनिमिया होता. त्याचे वाहक चाचणीने ओळखून पैदाशीतून वगळले गेले, आणि आधीच मोजक्या कुत्र्यांपासून वाढलेला वंश त्यामुळे आणखी आक्रसून फॅन्कोनी पसरला, असे अनेक जाणकार मानतात. पुढे 1990 मध्ये अमेरिकन केनेल क्लबने आफ्रिकेतून आणलेल्या नव्या कुत्र्यांसाठी वंशनोंदणी खुली केली, तेव्हा जातीला नवे रक्त मिळाले.

ब्रीडर नाव खराब होण्याच्या भीतीने आजार लपवतो, ही आपली शंका रास्त आहे. अमेरिकेतल्या सीएचआयसी या आरोग्यनोंदणीचा नियम मला या बाबतीत फार शहाणपणाचा वाटतो. जातीसाठी ठरवलेल्या सर्व तपासण्या केल्या आणि निकाल खुले केले की कुत्र्याला क्रमांक मिळतो, मग निकाल चांगले असोत वा वाईट. तिथे मान प्रामाणिकपणाला आहे, आणि त्यामुळे दोष सांगणारा ब्रीडर गुन्हेगार ठरत नाही.

आपण ब्रीडरला लेखी कळवावे. पशुवैद्याचा अहवाल, लक्षणे दिसली तेव्हाचे वय, कुत्र्याचा नोंदणी क्रमांक आणि आईबापांची नावे द्यावीत. पत्रात दोषारोप किंवा पैसे परत मागण्याची भाषा नसावी, कारण त्या भाषेमुळे माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो आणि माहिती तिथेच अडते. त्याच वेतातल्या इतर पिल्लांच्या मालकांना ही बातमी द्यावी, अशी स्पष्ट विनंती करावी. त्याने टाळाटाळ केली, तर ओळखीच्या त्या मालकांना आपण स्वतःच कळवावे. त्यांची कुत्रीही आज पाच वर्षांचीच आहेत आणि त्यांची तपासणी लवकरात लवकर व्हायला हवी.