सही करण्याआधी फोन उचल

प्रिय डॉक्टर,

रुजू झालीस, बरं वाटलं. सहा उपकेंद्रं आणि तिथले सहा सीएचओ, म्हणजे कम्युनिटी हेल्थ ऑफिसर, तुझ्या ‘ताब्यात’ आलेत, असं लिहिलंयस. तो शब्द आधी खोड. त्यातले काही बीएएमएस असतील, काही नर्सिंगचे. वर सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स. वयानं बरेचसे तुझ्याहून मोठे. तू सरकारी सेवेच्या बॉन्डचं वर्ष काढून जाशील, ते तिथंच असतील.

मासिक सभेत रजिस्टरवर सह्या केल्या की सुपरव्हिजन झालं, असं मलाही वाटायचं. एकदा भर ओपीडीत एका सीएचओचा फोन आला, लहान मुलाच्या अंगावरच्या पुरळाबद्दल. ‘एवढंही कळत नाही का?’ म्हणालो आणि ठेवला. पुढच्याच आठवड्यात तिच्याकडे पन्नाशीचा शुगरचा पेशंट आला. छातीत काही नाही, पोटाच्या वरच्या बाजूला जळजळ आणि घाम. तिला शंका आली होती. फोन हातात घेतला होता, लावला नाही. गॅसचं औषध देऊन घरी पाठवलं. संध्याकाळी ईसीजीत हार्ट अटॅक निघाला. माणूस वाचला. चूक तिच्या नावावर लागली. माझ्या त्या एका वाक्याची नोंद कुठंच नाही.

इंग्लंडमध्ये फिजिशियन असोसिएट्सवरून, म्हणजे डॉक्टर नसलेल्या पण डॉक्टरांच्या हाताखाली पेशंट बघणाऱ्यांवरून, मोठा वाद झाला. निदान न झालेला पेशंट त्यांनी ठरवून दिलेल्या चौकटीबाहेर पाहू नये, असं त्यांच्या कामाचा आढावा घेणाऱ्या 2025 च्या लेंग अहवालानं सुचवलं. आपल्या उपकेंद्रावर मात्र खोकल्या-तापाचा, चक्कर आलेला प्रत्येक जण आधी सीएचओपुढेच बसतो. म्हणून कधी थांबायचं नाही, लगेच फोन करायचा, हे त्यांच्याबरोबर बसून कागदावर लिही. गरोदर बाईचं बीपी 140/90 किंवा वर, डोकं दुखतंय; बाळाची छाती श्वासाबरोबर आत ओढली जातेय; चाळिशीपुढच्या माणसाला घाम आणि जळजळ. तू सुरू केलेल्या बीपी-शुगरच्या गोळ्या ते पुढे देतील, डोस बदलायचा तर मात्र तुला विचारून. व्हिडिओवरून डॉक्टरांचा सल्ला मिळवून देणारी सरकारी ई-संजीवनी आहेच, पण रेंज गेली की तुझा साधा फोनच कामाला येतो. तोही लागला नाही तर वाट न बघता 108 बोलवायची, हेही त्याच कागदावर असू दे.

आणि भेटीला जाशील तेव्हा रजिस्टर मागू नकोस, कोपऱ्यात स्टूल घेऊन बस. मी असाच बसलो होतो. एक म्हातारबाबा चढ चढून आले, सीएचओनं सदऱ्याच्या बाहीवरूनच बीपी मोजायचा कफ (पट्टा) बांधला, बाबा बोलतच होते. वरचं बीपी 168. मी काही म्हणालो नाही. बाबांना बाकावर पाच मिनिटं गप्प बसवलं, बाही वर केली, हात टेबलावर ठेवला आणि परत तिलाच मोजायला सांगितलं. 142. ती माझ्याकडे बघून हसली. बाबांसमोर तिला एक शब्द बोललो असतो तर गावात तिचं काय राहिलं असतं?

मंगळवारी निघशील तेव्हा मोठ्या मापाचा कफ बरोबर घे. उपकेंद्रावर बहुधा एकच असतो.

तुझा,
सर