‘राउट करणे’ला मराठीत काय म्हणावे?

नाशिकच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. संगणकावर संगीतसंयोजन शिकणाऱ्या मुलांसाठी ते मराठीत टिपणे लिहीत आहेत. ‘व्हर्च्युअल ड्रममधला प्रत्येक आवाज मिक्सरच्या वेगळ्या चॅनलवर राउट करा’ यातल्या ‘राउट करा’साठी (म्हणजे आवाज ठरावीक वाटेने पाठवा) त्यांनी ‘मार्गस्थ करा’ असे लिहिले, पण ते त्यांना खटकते आहे.

खटकणारच. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरकडे मार्गस्थ होते. त्या शब्दात आपण होऊन निघण्याचा भाव आहे. आवाजाला कोणीतरी वाट द्यावी लागते, म्हणून एकाच क्रियापदात भागवायचे तर ‘वळवणे’ चांगले. फोन दुसऱ्या नंबरावर वळवतात, पाणी चारीत वळवतात, तसाच आवाज चॅनलवर वळवावा.

पण शिकवायच्या टिपणात मी ‘वळवणे’वर थांबणार नाही. साउंडवाल्यांच्या तोंडी याहून नेमके दोन शब्द आहेत: ‘काढणे’ आणि ‘घेणे’. ‘ताशा वेगळा काढ’, ‘झांज दुसऱ्या चॅनलवर घे’. सॉफ्टवेअरमध्येही काम दोन टप्प्यांतच होते. समजा, नाशिक ढोलाचा ताफा सँपलरमध्ये, म्हणजे ध्वनिमुद्रित आवाज वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, भरला आहे: टिपरूचा ठोका, थापेचा घुमारा, ताशा, झांज. सुरुवातीला सगळे १-२ या मुख्य स्टिरिओ आउटपुटातून एकत्र बाहेर पडते. मग घुमारा दाबायला कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारे साधन) लावला, की प्रत्येक थापेला झांजही दबते. म्हणून सँपलरमध्ये ताशाला ३-४ आउटपुट द्यायचे, झांजेला ५-६. हे झाले ‘काढणे’. त्यानंतर मिक्सरमध्ये ३-४ ऐकणारा चॅनल तयार करायचा. हे ‘घेणे’.

नवशिक्यांची गाडी नेमकी इथेच अडते. ताशा ३-४ वर काढलेला असतो, तो घेणारा चॅनलच नसतो, आणि मग ‘ताशा वाजतच नाही’ अशी तक्रार येते. मुख्य आउटपुटातून तो निघून गेलेला असतो आणि पुढे त्याला कोणी घेतलेले नसते. ‘राउट करा’ म्हटले की हे दोन्ही टप्पे एका शब्दात दडपले जातात. ‘काढा’ आणि ‘घ्या’ असे सुटे लिहिले, तर मूल स्वतःच तपासेल: काढले आहे का? घेतले आहे का?

मिक्सरमधल्या ‘सेंड’साठी मात्र ‘वळवणे’ अजिबात वापरू नये. वळवलेले पाणी मूळ पाटात उरत नाही. सेंडमध्ये आवाजाची प्रत जाते, मूळ आवाज जागीच वाजत राहतो. रिव्हर्बसाठी, म्हणजे आवाजाला घुमवणाऱ्या इफेक्टसाठी, तेच हवे असते. पण चॅनल वेगळे करताना चुकून सेंड वापरला आणि तोच आवाज दोन वाटांनी, त्याच पातळीत मास्टरला (जिथे सगळे चॅनल शेवटी एकत्र येतात) पोचला, तर तो ६ डेसिबलने चढतो. म्हणून सेंडला सरळ ‘सेंड’च लिहावे, किंवा ‘प्रत पाठवा’.

चॅनलला ‘वाहिनी’ म्हणण्याचा आग्रह नको. तो शब्द टीव्हीने घेतला आहे. प्रत्ययही बघा. आवाज ‘चॅनलमध्ये’ नव्हे, ‘चॅनलवर’ घेतात. आणि वळतो तो आवाज, वाद्य नव्हे, म्हणून ‘ताशा वळवा’ ऐवजी ‘ताशाचा आवाज वळवा’.

टिपणातले वाक्य मी असे लिहीन: ‘सँपलरमध्ये प्रत्येक वाद्याचा आवाज वेगळ्या आउटपुटवर काढा, आणि मिक्सरमध्ये तो वेगळ्या चॅनलवर घ्या.’