दोनच पेग, एकच गोळी

कोथरूडच्या एक काकू नवऱ्याच्या घोरण्याची तक्रार घेऊन आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) काका पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. रोज संध्याकाळी दोन पेग. निवृत्तीनंतर झोप उडाली म्हणून डॉक्टरांनी क्लोनाझेपाम लिहून दिलेली, तीही कित्येक महिने चालू. त्यात त्या आठवड्यात खोकला झाला आणि कपाटात पडून असलेली कोडीनच्या औषधाची बाटली निघाली.

"घोरता घोरता मध्येच श्वास थांबतो, गदागदा हलवलं तरी नीट जागे होत नाहीत. पण ताई, सगळं थोडं थोडंच घेतात हो. तरी काळजी करायची का?"

हा प्रश्न मला फार घरांतून येतो. करायची, आणि लगेच करायची.

दारू आणि क्लोनाझेपाम, अल्प्राझोलामसारख्या गोळ्या मेंदूला मंदावणाऱ्या एकाच रसायनाचा, ‘गाबा’चा, जोर वाढवतात. कोडीन आणि वेदनाशामक ट्रामाडोल अफूच्या कुळातली. ती मेंदूत श्वास चालवणाऱ्या केंद्रालाच सुस्तावतात. एकेकटं झेपणारं प्रमाण एकत्र आलं की श्वास उथळ होत जातो, कधी थांबतोही. उलटी झाली तर ती बाहेर टाकण्याइतकीही शुद्ध राहत नाही. काकूंचा भरवसा वेळेच्या अंतरावर होता: पेग आठला, गोळी अकराला. पण क्लोनाझेपाम निम्मी उतरायलाच साधारण ३० ते ४० तास लागतात. म्हणजे आज पहिला पेग भरताना कालची गोळी अंगात असतेच.

डॉक्टरांनी दारूबद्दल विचारलं नव्हतं का? विचारलं होतं. काका म्हणाले, "कधीतरी." काकू शेजारीच बसल्या होत्या, गप्प. मला सगळ्यात जास्त चिंता वाटते ती या ‘कधीतरी’ची. चारचौघांत ग्लास हातात धरणारा माणूस डॉक्टरांसमोर लाजतो, आणि घरचे त्याची अब्रू सांभाळतात. डॉक्टर मात्र मिळालेल्या उत्तरावरच गोळी ठरवतात.

काकू उठल्या. "आज घरी गेले की गोळ्या कचऱ्यात टाकते."

मी त्यांना पुन्हा बसवलं. महिनोन्‌महिने घेतलेली अशी गोळी एकदम तोडली तर फिटचे झटके येऊ शकतात. रोजची भरपूर दारू एकाएकी थांबवली तरी तोच धोका. म्हणून खोकल्याचं औषध त्याच दिवशी बंद, आणि बाकी घरातल्या सगळ्या पट्ट्या-बाटल्या पिशवीत भरून काकांसह डॉक्टरांकडे जायचं, पेगचा खरा आकडा सांगायचा, असं ठरलं. तोवर रात्री ते उठेनात, श्वास अडखळला, ओठ निळसर दिसले, तर कुशीवर वळवून १०८ ला फोन. कॉफी पाजणं, तोंडावर पाणी मारणं यात वेळ घालवायचा नाही. ‘झोपू दे, सकाळी उतरेल’ तर मुळीच नाही.

काका चिडले, पण गेले. आधी काय कमी करायचं आणि किती सावकाश, हे डॉक्टरांनी ठरवून दिलं आणि घोरण्यासाठी झोपेची तपासणीही करायला सांगितली. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचं नाव काढलं तर काका अजून ऐकून घेत नाहीत. काकू मात्र आता दर भेटीला त्यांच्यासोबत जातात, आणि पेगबद्दलचं उत्तर त्याच देतात.