ऑफिसच्या लॅपटॉपवर इनकॉग्निटोमध्ये दुसरी नोकरी शोधली तर आयटीवाल्यांना कळतं का?

कळतं. इनकॉग्निटो फक्त तुमच्या लॅपटॉपवर हिस्टरी ठेवत नाही, बाकी नेटवर्कवरून जायचं ते जातंच.

मी अंधेरीला एमआयडीसीत एका कंपनीचं नेटवर्क सांभाळतो, म्हणजे तुम्ही ज्यांना घाबरताय त्यांच्यातलाच. फायरवॉल म्हणजे ऑफिसच्या इंटरनेटच्या दारावरचा पहारेकरी, त्याच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, एका ओळीत वेळ, तुमचा लॉगिन आयडी, साइटचं नाव, किती डेटा आला-गेला आणि साइटची कॅटेगरी एवढं येतं. आणि कॅटेगरीत चक्क 'जॉब सर्च' असं वेगळं खातं असतं, त्यामुळे कोणाला शोधायचंच असेल तर साइटची नावंही माहीत असायला नकोत, फिल्टर लावला की यादी समोर. साइट एचटीटीपीएसवाली, म्हणजे मजकूर एन्क्रिप्ट करून (कुलूपबंद करून) पाठवणारी असली तरी तिचं नाव साधारणपणे दिसतंच, पण आत कुठल्या पानावर गेलात, काय टाइप केलंत ते नाही. सोसायटीच्या वॉचमनच्या वहीत कसं, कोण किती वाजता कुठल्या फ्लॅटला गेलं ते असतं, आत काय बोलणं झालं ते नसतं.

हे झालं साधं. बऱ्याच कंपन्या एसएसएल इन्स्पेक्शन लावतात, आणि मग आतलंही दिसू शकतं. कंपनीच्या लॅपटॉपमध्ये आयटीने आधीच स्वतःचं रूट सर्टिफिकेट, म्हणजे ब्राउझर ज्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो ते ओळखपत्र, टाकलेलं असतं, त्यामुळे फायरवॉल मधल्यामध्ये ट्रॅफिक उघडतो, बघतो, परत एन्क्रिप्ट करून पुढे ढकलतो आणि ब्राउझर बिचारा वॉर्निंगसुद्धा देत नाही. तुमच्याकडे आहे का ते तपासता येतं. अ‍ॅड्रेस बारमधल्या आयकॉनवर क्लिक करून सर्टिफिकेट उघडा, 'इश्यूड बाय'समोर डिजिसर्ट वगैरे सर्टिफिकेट देणाऱ्या कंपन्यांऐवजी तुमच्या कंपनीचं नाहीतर फोर्टिनेट, झीस्केलर असं सिक्युरिटी कंपनीचं नाव दिसलं की समजून जा. फक्त बँकेच्या साइटवर तपासू नका, त्या बऱ्याच ठिकाणी मुद्दाम वगळलेल्या असतात.

आता हे सगळं बघत कोण बसतं? खरं सांगू का, कोणी नाही. आमचा दिवस पासवर्ड रीसेट आणि प्रिंटरमध्येच जातो. मॅचच्या दिवशी स्ट्रीमिंगने अख्खी लाइन खाल्ली, व्हायरसचा अलर्ट आला, किंवा एचआरचा मेल आला, तेव्हा लॉग उघडतो. आणि एचआरचा मेल येतो तो बहुतेक वेळा माणसाने राजीनामा दिल्यावर! तेव्हा तो कुठल्या साइट बघत होता याच्याशी कोणाला देणंघेणं नसतं, बाहेर काय पाठवलं ते हवं असतं. शेवटच्या आठवड्यात पर्सनल ड्राइव्हवर चढवलेला फोल्डर, स्वतःच्या जीमेलला पाठवलेली क्लायंटची यादी, पेनड्राइव्ह. "ती एक्सेल मीच बनवली होती" हे सगळेच म्हणतात आणि त्याचा काडीचा उपयोग होत नाही.

आयटीतल्या मित्राला सांगून लॉग उडवून घेऊ असं डोक्यात असेल तर तेही विसरा, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे कंपन्यांना लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. प्रायव्हसीचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने ती मूलभूत हक्क झाली हे खरं, पण २०२३ च्या डेटा प्रोटेक्शन कायद्यातच नोकरीच्या कारणासाठी आणि कंपनीचं नुकसान टाळण्यासाठी वेगळी संमती न घेता डेटा वापरायची सोय आहे. शिवाय जॉइन होताना आपण आयटी पॉलिसीवर न वाचता सही ठोकलेली असतेच.

स्वतःचा फोन ऑफिसच्या वायफायवर असेल तर साइटची नावं दिसतील, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज नाही दिसणार. पण तेच व्हॉट्सअ‍ॅप ऑफिसच्या लॅपटॉपवर उघडलंत आणि त्यात स्क्रीनशॉट घेणारं सॉफ्टवेअर असलं तर एन्क्रिप्शन काय कामाचं. म्हणून नोकरी शोधायची ती स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या डेटावर, लंचमध्ये खाली चहाला उतरलात की. आणि कृपा करून कंपनीच्या मशीनवर फुकटचा व्हीपीएन (आपलं ट्रॅफिक लपवून दुसऱ्याच सर्व्हरमार्गे नेणारं अ‍ॅप) टाकू नका. जॉबच्या साइटकडे आम्ही ढुंकूनही बघत नाही, पण अनोळखी व्हीपीएन दिसला की अलर्ट थेट आमच्या स्क्रीनवर येतो, मग उघडून बघावंच लागतं.