बाली: कारागिरांची गावं बघायची असतील तर एक दिवस पूर्वेकडे काढा

तुमचा प्रश्न मला असा समजला: मे महिन्यात सहा दिवस बाली, बरोबर आई-वडील आणि दहा वर्षांची मुलगी. एजंटने 'हस्तकलेची गावं आणि मंदिरं' म्हणून एकाच दिवसात सात ठिकाणं बसवली आहेत. ती ठेवावीत, की सरळ समुद्रावर जावं?

त्या यादीतून मी एकदा गेलोय. बातुबुलानला दगड, चेलुकला चांदी, मासला लाकूड, मग उबुदमध्ये जेवण आणि पुढे देवळं. गावं खोटी नाहीत, या कामांसाठी ती खरंच नावाजलेली आहेत. पण गाडी थांबते ती मुख्य रस्त्यावरच्या मोठ्या दुकानापाशी. दारात दोन मुली चांदीच्या तारेला डाख देत बसलेल्या असतात, ते बघून होईपर्यंत आपण एसी हॉलमध्ये पोचलेलो असतो. ड्रायव्हरचं कमिशन किमतीत धरलेलंच असतं. मी बायकोसाठी कानातलं घेतलं आणि तासाभराने मागच्या गल्लीत अगदी तसंच निम्म्याहून कमी किमतीला पाहिलं. त्या विषयावर घरी अजून बोलत नाही.

तेव्हा सातातली पाच काढा आणि एक अख्खा दिवस पूर्वेकडच्या क्लुंगकुंगच्या बाजूला द्या. उबुदहून गाडीने तासाभराच्या आत पोचता.

माझं म्हणाल तर तिथे तिहिंगन या गावासाठी जावं. हे गॉंग घडवणाऱ्यांचं गाव, गामेलानची, म्हणजे बालीच्या पारंपरिक वाद्यवृंदाची, वाद्यं इथे होतात. मी कसब्यात वाढलो, तांबट आळीचा ठोका ऐकत शाळेत गेलो, त्यामुळे वाटलं होतं की यात नवीन काय. पण काम उलटंच निघालं. तांबं थंड असतानाही ठोकता येतं. कडक झालं की भट्टीत घालून मऊ करायचं आणि परत ठोकायचं, म्हणून तर आपल्या हंड्यावर मठाराच्या त्या टिकल्या निवांत एकेक करून उठवता येतात. गॉंग काशाचा, तांबं दहा भाग तर कथील तीन भाग. आपल्या पाय घासायच्या काशाच्या वाटीचा भाऊबंद. ती वाटी फरशीवर पडली की कशी तडकते, आठवा. हा धातू लालभडक असेपर्यंतच हातोडी सोसतो. चार ठोके, की परत भट्टीत. भट्टीची खोली मुद्दाम अंधारी ठेवतात, कारण उजेडात धातूचा रंग कळत नाही आणि रंगाचा अंदाज चुकला की सगळी मेहनत फुटते.

बाहेर पडवीत एक आजोबा वाद्याच्या पट्ट्या सुरात लावत होते. पट्टीच्या पोटाला मध्यावर कानस मारली की सूर उतरतो, टोकाला मारली की चढतो. वाद्यं जोडीने बनतात, एक किंचित चढं आणि दुसरं किंचित उतरतं, आणि हे जाणूनबुजून. दोन्ही एकदम वाजली की सूर लाटेसारखा हलतो. त्याला ते 'ओम्बाक' म्हणतात, म्हणजे लाटच. आपल्याकडे तानपुऱ्यांची जोडी अशी लावून ठेवली तर गवई उठून जाईल! मुलीला या दोन पट्ट्या आधी वेगवेगळ्या आणि मग एकदम वाजवून दाखवायला सांगा. नाही म्हणत नाहीत.

तिथून जवळच क्लुंगकुंगचा केर्ता गोसा. ही राजवाड्याच्या आवारातली जुनी न्यायसभा, छत पूर्ण चित्रांनी भरलेलं. कुंतीच्या सांगण्यावरून भीम पंडू आणि माद्रीला सोडवायला नरकात जातो, ती कथा वर रंगवली आहे. आपल्याकडे नरक बघतो तो धर्मराज, तिथे भीम. पापं आणि त्यांच्या शिक्षा इतक्या तपशिलात आहेत की खाली बसलेल्या आरोपीचं काय होत असेल ते कळतं. सगळ्यात खालच्या ओळीत तंत्रीच्या गोष्टी, म्हणजे आपलंच पंचतंत्र तिकडे जाऊन राहिलेलं. मुलीला तिथून सुरुवात करू द्या. राजवाडा मात्र उरलेला नाही. २८ एप्रिल १९०८ रोजी डच सैन्यापुढे राजा आणि त्याचं कुटुंब हाती क्रिस (तिकडची कट्यार) घेऊन चालत गेलं आणि गोळ्यांना सामोरं गेलं. याला पुपुतान म्हणतात. मागे राहिला एक दरवाजा आणि एवढे मंडप. शनिवारवाड्याचा दरवाजा रोज बघणाऱ्याला तो उभा दरवाजा बघून जरा वेगळंच वाटतं.

या चित्रांची शैली शेजारच्या कामासन गावची. अजूनही घराघरांत काढतात. कापडाला तांदळाची खळ लावून ते कवडीने घासून गुळगुळीत करतात. पिंगुळीची चित्रकथी पाहिली असेल तर थांबाल, नसेल तर अर्धा तास पुरे.

तेंगानान हे विणकरांचं गाव त्याच दिवशी कोंबू नका, चांदीदासाला मुक्काम असेल तरच करा. तिथलं ग्रिंगसिंग कापड म्हणजे दुहेरी इकत. ताणा आणि बाणा दोन्ही विणण्याआधीच गाठी मारून रंगवायचे आणि विणताना नक्षी नेमकी जुळवायची, पाटणच्या पटोल्यासारखं. फरक असा की हे सुती असतं. एकेक कापड पूर्ण व्हायला वर्षं लागतात, तेव्हा स्वस्तात मिळालं तर ते ग्रिंगसिंग नव्हे.

जुन्या ठिकाणांत गुनुंग कावी ठेवा. अकराव्या शतकात कातळात कोरलेली दहा स्मारकं, प्रत्येक सुमारे सात मीटर उंच. कार्ले-भाजे बघून गेलेला माणूस आत जायचं दार शोधतो. आत काहीच नाही, सगळं दर्शनी भागातच आहे. पण उतरायला अडीचशेच्या वर पायऱ्या आहेत, आणि तेवढ्याच परत चढायच्या. आई-वडिलांना वरच नारळपाणी घेऊन बसू द्या. त्यांच्यासाठी गोवा गजा बरं, तिथे उतरण कमी. गुहेत डाव्या हाताला गणपती आहे, उजवीकडे तीन शिवलिंगं. आई हात जोडतील, तेवढा वेळ द्या.

तारखा तपासून घ्या. गालुंगान हा सण दर २१० दिवसांनी येतो, त्यामुळे दरवर्षी सरकतो. मी पहिल्यांदा नेमका तेव्हा गेलो आणि तिहिंगनच्या सगळ्या भट्ट्या विझलेल्या होत्या. दारोदार उभे केलेले बांबूचे वाकलेले पेंजोर तेवढे बघितले, लांबून गुढ्याच वाटतात. आणि हे वाचून कुणी पाडव्याच्या सुट्टीत जायचा बेत करत असेल तर न्येपीची तारीख आधी बघा. त्यांचं शक वर्ष तेव्हा सुरू होतं, दिवसभर कुणी बाहेर पडायचं नाही आणि विमानतळसुद्धा बंद.

बाकी किरकोळ. व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो, माणशी पाच लाख रुपिया. शिवाय फेब्रुवारी २०२४ पासून पर्यटकांना दीड लाखाचा वेगळा कर आहे, तो घरूनच ऑनलाइन भरा. देवळांत सारोंग लागतो, वडिलांचं साधं उपरणं कमरेला बांधायला चालून जातं. आई शाकाहारी असतील तर चटणी बघून घ्या. सांबलमध्ये बहुतेक ठिकाणी तरासी असते, म्हणजे कोळंबी आंबवून केलेला गोळा. 'तान्पा तरासी' म्हटलं की समजतात.