पूर ओसरल्यावर मदतीला जाताय?

अरे, पहिल्याच दिवशी हातोडा मिळेल अशा थाटात येऊ नकोस. २०१७ च्या हार्वी चक्रीवादळानंतर अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये आमचे कितीतरी शनिवार घरं बांधण्यात नाही, उपसण्यात गेले. ड्रायवॉल, म्हणजे लाकडी सांगाड्यावर ठोकलेली जिप्सम बोर्डांची भिंत, पाणी वर शोषते, म्हणून पुराच्या खुणेच्या बरीच वर कापायची. जमिनीपासून चार फुटांवर कापलीस तर नवा बोर्ड आडवा नेमका बसतो. आतली लाकडं खडखडीत वाळल्याशिवाय मात्र भिंत बुजवू नकोस, बुरशी धरते. मी घाई केली होती. तीच भिंत पुन्हा फोडली! एन-९५ मास्क, जाड तळव्याचे बूट, धनुर्वाताचं इंजेक्शन हवंच. आणि काहीही फेकण्याआधी घरच्यांना विचार. एका आजींनी ढिगाऱ्यातून लग्नाचा भिजलेला अल्बम ओढून काढला. मग दुपारभर आम्ही चिकटलेले फोटोच सोडवत बसलो.