कूलरच्या झिणझिण्या आधी, कुऱ्हाडीचा दांडा मग

भाऊ, तुम्ही विचारलंय कुऱ्हाडीच्या ढिल्या दांड्याचं, बिजागरीच्या स्क्रूचं आणि हळू फिरणाऱ्या पंख्याचं. पण शेवटच्या ओळीत लिहिलंय, "कूलरला हात लावला की थोड्या झिणझिण्या येतात, पण चालतं." ते चालत नाही. आधी प्लग काढून ठेवा, मग पुढचं वाचा.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. कूलर दिवसरात्र सुरू, पत्र्याची बॉडी ओली, खालची फरशी ओली आणि माणूस अनवाणी. कूलरच्या शॉकनं कुणी गेल्याची बातमी दर उन्हाळ्यात वाचतो आपण. माझ्या आईला टाकीत बादली ओतताना असाच झटका बसला होता. बटण बंद होतं, प्लग मात्र तसाच होता. नंतर बोर्ड उघडला तर बटण करंट आणणाऱ्या फेजच्या तारेऐवजी न्यूट्रलवर जोडलेलं निघालं. म्हणजे बटण बंद करूनही पंपापर्यंत करंट येतच होता. तेव्हापासून घरात नियम एकच: पाणी भरायचं तर आधी प्लग बाहेर.

दोष बहुतेक वेळा पंपाचा असतो. आधी कोरडी चप्पल घालून, कोरड्या हातानं, पंपासकट कूलर सुरू असताना टेस्टर बॉडीला लावून बघा. मग प्लग काढून पंपाची वायर सोडवा, तिच्या टोकांना टेप गुंडाळा आणि फक्त पंखा सुरू करा. पुन्हा तसाच टेस्टर बॉडीला लावा. पंपासकट टेस्टर पेटत होता आणि आता पेटत नसेल, तर चोर सापडला. तो पंप दुरुस्त करत बसू नका, एम-सील थापून तर मुळीच वापरू नका. नवा घेताना तीन तारांचा, हिरवी म्हणजे अर्थिंगची (गळलेला करंट जमिनीत नेणारी) तार असलेला घ्या. थ्री-पिन प्लगच लावा. पिन काढून दोन तारा काडीनं सॉकेटमध्ये खुपसायची सवय घरातून कायमची जाऊ द्या. कूलरच्या पत्र्यालाही एके ठिकाणी रंग खरवडून अर्थिंगची तार नट-बोल्टनं कसून घ्या.

आता अर्थिंगचं, कारण ते कुणी पाहतच नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात अशी फाटते की भेगेत हात जातो. माती सुकली की अर्थिंग नावापुरतंच उरतं. म्हणून मार्चपासून पाऊस लागेपर्यंत अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी घाला. शिवाय वायरमनकडून 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लगेच लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या. एमसीबी (लोड वाढला किंवा शॉर्ट झाला की पडणारा स्विच) आहे म्हणून निर्धास्त राहू नका. एमसीबी वायरिंग वाचवते, माणसाला वाचवते ती आरसीसीबी.

कुऱ्हाडीचं बघू. दांडा ढिला झाला की आपण ती रात्रभर पाण्यात बुडवून ठेवतो. लाकूड फुगतं, सकाळी घट्ट वाटतं, पण फुगताना ते लोखंडाच्या आत चेपलं जातं आणि वाळल्यावर आधीपेक्षा जास्त हलतं. कामाच्या मध्येच पातं निसटलं तर कुणाच्या अंगावर जाईल सांगता येत नाही. दांडा चांगल्या वाळलेल्या बाभळीचा किंवा तिवसाचा घ्या, रेषा लांबीच्या दिशेनं सरळ जाणाऱ्या. वरच्या टोकाला करवतीनं उभी खाच पाडा. पातं चढवलं की कुऱ्हाड पातं वरच्या बाजूला ठेवून उभी धरा आणि दांड्याचं खालचं टोक दगडावर ठोका. पात्यावर हातोडी मारायची गरज नाही, दर ठोक्याला पातं स्वतःच्या वजनानं थोडं खाली बसत जातं. आवाज पोकळ यायचा थांबून ठणठणीत यायला लागला की मग खाचेत वाळलेल्या लाकडाची पाचर ठोका आणि वर उरलेला भाग कापून टाका.

शेवटी वरच्या टोकाला जवसाचं तेल मुरू द्या, दोन-तीन दिवस रोज थोडं थोडं. हे तेल लाकडात मुरून घट्ट होतं, खोबरेल किंवा मोटारीचं तेल तसं होत नाही. मात्र तेलाचा बोळा चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. बाहेर मोकळ्या जागी पसरून वाळू द्या.

बिजागरीसाठी मोठा स्क्रू आणू नका, चौकट फाटेल. वाळलेल्या तुऱ्हाटीची किंवा बांबूची काडी तासून, फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठोका, दिवसभर वाळू द्या आणि तोच स्क्रू परत फिरवा.

पंखा हातानं ढकलल्यावरच फिरत असेल किंवा वेग पकडत नसेल, तर आधी कपॅसिटर (पंख्याला फिरायला जोर देणारा छोटा डबा) बदला. साध्या छताच्या पंख्याला बहुधा 2.5 मायक्रोफॅरडचा असतो, तरी जुन्यावरचा आकडा वाचूनच घ्या. बटण नाही, मेन स्विच बंद करा. काढण्याआधी मुठीला प्लास्टिक असलेल्या पेचकसानं कपॅसिटरची दोन्ही टोकं एकमेकांना टेकवा, त्यात करंट साठून राहिलेला असतो.

पंपासकट आणि पंपाशिवाय टेस्टर कसा पेटला ते कळवा. बोर्डाचा फोटोही टाका, बटण फेजवर आहे की न्यूट्रलवर ते वायरमनला कसं विचारायचं ते सांगतो.